मधली फळी जाऊ देऊ नका : मुंबई सिटीच्या मालकांना भुसावळहून खुले पत्र

प्रति,
मालक आणि व्यवस्थापन,
मुंबई सिटी एफसी

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2025 मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकीच्या परदेशी सिटी फुटबॉल ग्रुपने आपला 65 टक्के हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा पूर्णपणे रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांच्या हाती आला. अनेक समर्थकांना या बातमीने धास्ती वाटली. 2019 पासून पैसा, प्रशिक्षक, खेळाडू शोधायची यंत्रणा असं बरंच काही त्या ग्रुपकडून येत होतं, त्यामुळे ती धास्ती खोटी नाही. पण यात एक गोष्ट चांगलीही झाली. कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं, हे आता सगळं मुंबईत ठरणार. म्हणून हे पत्र आज लिहितोय.

मी भुसावळचा. महाराष्ट्रात आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, एकच क्लब उरलाय. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. त्यामुळे नावात मुंबई असली तरी नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत ज्या कुणाला आपल्या राज्याचा म्हणून एखादा संघ हवा, त्याला तुम्हीच आहात. कसाऱ्याच्या घाटाच्या अलीकडेही निळा शर्ट घालून टीव्हीसमोर बसणारी माणसं आहेत. आमचं म्हणणं तुमच्यापर्यंत फारसं पोचत नाही, एवढंच.

म्हणणं एकच आहे. मैदानाच्या मध्यावरचा आणि बचावातला भारतीय कणा दर उन्हाळ्यात ढिला होतो, आणि त्यातले मणके थेट प्रतिस्पर्ध्यांकडे जातात. हे थांबवा.

2021 मध्ये आपण शिल्ड (साखळीत पहिलं येणाऱ्याला मिळतं ते) आणि कप (अंतिम सामना जिंकणाऱ्याचा) दोन्ही जिंकले. एकाच मोसमात दोन्ही जिंकणारा पहिला क्लब आपला. 28 फेब्रुवारीला शिल्डच्या निर्णायक सामन्यात एटीके मोहन बागानला (आजच्या मोहन बागानला) 2-0 हरवलं, 13 मार्चला अंतिम सामन्यात पुन्हा त्यांनाच 2-1. आणि त्याच उन्हाळ्यात कर्णधार गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि मधल्या फळीचा जादूगार ह्युगो बुमू, दोघेही गेले कुठे? ज्यांना हरवलं त्यांच्याकडेच. 2023 मध्ये मधल्या फळीतला अहमद जाहू आणि बचावपटू मुर्तादा फॉल ओडिशाला गेले. 2024 मध्ये कप जिंकला आणि मधल्या फळीतला अपुइया मोहन बागानला गेला. अर्ध्या मोसमात आपल्याला सोडून गेलेला ग्रेग स्टुअर्टही पुढे त्यांच्याच शर्टात दिसला. राहुल भेके, नोगेरा आणि पेरेरा दियाझ बेंगळुरूला गेले. 2025 मध्ये मेहताब सिंग मोहन बागानला, बिपिन सिंग ईस्ट बंगालला. बिपिन! 2021 च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला गोल करणारा आणि 2024 च्या अंतिम सामन्यात पुन्हा गोल करणारा.

प्रत्येक जाण्यामागे कारण असेल. करार संपला असेल, आकडा जमला नसेल, खेळाडूला घराजवळ जायचं असेल. एकेका प्रकरणात तुमचं बरोबरही असेल. पण ही नावं एकाखाली एक लिहून काढली की दर वेळी तेच होताना दिसतं.

आपणही हेच करत आलोय, हेही सांगायला हवं. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा 2020 मध्ये गोव्याहून आला तेव्हा फॉल, जाहू, बुमू आणि मंदार राव देसाई त्याच्या पाठोपाठ आले. एफसी गोवाच्या लोकांनी तेव्हा काय भोगलं असेल ते मला आता कळतं. स्टुअर्ट जमशेदपूरला शिल्ड जिंकून देऊन आपल्याकडे आला, दियाझ केरळ ब्लास्टर्सकडून. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रतिस्पर्ध्याकडून माणूस आणणं हा गुन्हा नाही, आणि मोहन बागानने आपल्याकडून माणसं नेली यात त्यांचा काहीच दोष नाही. त्यांना कळलंय की या लीगमध्ये कोणती जागा महाग असते. दुःख याचं की तीच जागा आपण मोकळी करतो.

महाग का, ते सांगतो, कारण हा माझ्या पत्राचा गाभा आहे. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळू शकतात. उरलेले सात भारतीय. परदेशी खेळाडू बदलायचा तर अख्खं जग उघडं आहे. अर्जेंटिना, स्पेन, ऑस्ट्रेलिया, कुठूनही आणा. भारतीय विंगर बरे मिळतात, भारतीय फुलबॅकही मिळतात. पण बॅकलाइनच्या, म्हणजे बचावफळीच्या, पुढ्यात उभा राहून चेंडू हिसकावणारा, दाबाखाली न घाबरता मान वर करून पास देणारा आणि नव्वद मिनिटं धावणारा भारतीय मिडफिल्डर? असे देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अपुइया त्यातला. असा माणूस तुमच्याकडे असला की परदेशी खेळाडूची एक जागा वाचते आणि ती पुढे, गोल करायला वापरता येते. तो गेला की ती जागा मागे खर्च करावी लागते. म्हणजे एक भारतीय मिडफिल्डर गेला की नुकसान दोन खेळाडूंचं होतं. आणि तो मोहन बागानकडे गेला की त्यांचा फायदाही दोन खेळाडूंचा. हा हिशोब कोणत्याही ट्रान्सफरच्या रकमेत दिसत नाही.

2022-23 चा संघ आठवा. प्रशिक्षक डेस बकिंगहॅमच्या हाताखाली 20 सामन्यांत 54 गोल, 46 गुण, ओळीने 18 सामने अपराजित. लोकांना आठवतात ते स्टुअर्ट आणि दियाझ. पण टीव्हीवर कॅमेरा जरा लांब गेला की खरी गंमत दिसायची. जाहू दोन्ही सेंटर-बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) मध्ये उतरून चेंडू घ्यायचा, समोरच्यांचे दोन जण त्याच्या अंगावर धावायचे. त्याच क्षणी अपुइया दहा पावलं डावीकडे सरकायचा. चेंडू मागायला नव्हे, तर तिसऱ्या माणसाला आपल्यामागे ओढायला. मग जाहूचा लांब, तिरका पास उजव्या कडेला छांगटेच्या पायात. छांगटे डावखुरा, आत वळणार हे सगळ्या लीगला माहीत होतं, तरी तो वळायचाच. आणि चेंडू गेला, तर पाच सेकंदांत परत हिसकावायला पहिला पोचणारा बहुतेक वेळा अपुइयाच असायचा. प्रेसिंग म्हणजे नुसती पळापळ नव्हे. कोण कुठे उभा आहे यावर ते ठरतं. तशी उभं राहायची सवय एकत्र खेळून खेळून लागते. दर वर्षी चार-पाच माणसं बदलली की प्रशिक्षक कितीही चांगला असो, डिसेंबरपर्यंत तो ओळखी करून देण्यातच अडकतो.

2024-25 मध्ये नेमकं तेच झालं. चेंडू आपल्याकडे असायचा, पण मागच्या मागे फिरायचा. ब्रँडन फर्नांडिस आला, तो सुंदर पास देणारा माणूस आहे, पण त्याचं काम दुसरं. बॅकलाइन पूर्वीसारखीच वर चढून उभी राहायची आणि तिच्यापुढचं मैदान मोकळं असायचं. हाय लाइन ठेवायची असेल तर चेंडू सोडणाऱ्याच्या अंगावर कोणीतरी असायला हवं, नाहीतर एका पासात सगळं उघडं पडतं. कसेबसे सहावे आलो आणि 29 मार्च 2025 ला बेंगळुरूच्या कांतिरवा स्टेडियमवर 0-5. त्या मोसमात बेंगळुरूच्या ताफ्यात भेके होता, नोगेरा होता, दियाझ होता. आदल्या मे महिन्यात हेच आपल्यासाठी कप उचलत होते.

त्या हरण्याचं खापर बऱ्याच जणांनी प्रशिक्षक पेत्र क्रात्कीवर फोडलं. मला ते पटत नाही. त्याच माणसाने डिसेंबर 2023 मध्ये बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबला गेल्यावर अर्ध्यावर आलेला संघ हातात घेतला आणि पाच महिन्यांत कप जिंकून दिला. त्याला पुढच्या वर्षी तोच कणा दिला असता, तर चित्र वेगळं असतं असं मला मनापासून वाटतं.

4 मे 2024 चा अंतिम सामना आम्ही शेजारच्या बंगाली काकांच्या क्वार्टरमध्ये पाहिला. भुसावळ रेल्वेचं गाव, इथे देशभरची माणसं बदली होऊन येतात आणि आपापला क्लब सोबत घेऊन येतात. काका मोहन बागानचे, पिढीजात. मे महिन्याचं ऊन रात्रीही भिंतीतून बाहेर पडत होतं, कूलरमध्ये बर्फ टाकला होता. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मध्यंतराआधी कमिंग्सने त्यांना आघाडी मिळवून दिली. मग दियाझ, बिपिन, वोइतुश, 3-1. तीन आठवड्यांपूर्वी त्याच मैदानावर बरोबरीही पुरली असती तिथे 2-1 हरून आपण शिल्ड घालवलं होतं. त्यामुळे मी फार ओरडलो. काकांनी शांतपणे मिष्टी दोई समोर ठेवली. पुढच्या वर्षी 7 एप्रिलला जमशेदपूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भरपाई वेळेत अपुइयाने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि मोहन बागान अंतिम फेरीत पोचलं. काका उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुन्हा खाली बसले. मला काय वाटत असेल ते त्यांना कळलं होतं. त्या वर्षी त्यांनी शिल्ड आणि कप दोन्ही घेतले.

मोहन बागानबद्दल माझ्या मनात आकस नाही. एक काळ होता, आपण त्यांना 5-1 हरवलं होतं, डिसेंबर 2021 मध्ये. आयएसएलमध्ये ते आपल्यासमोर टेकीला यायचे. त्यांनी रडगाणं गाण्याऐवजी आपल्याला कशामुळे जिंकता येतं ते ओळखलं आणि ते विकत घेतलं. बेंगळुरूची गोष्ट वेगळी, त्यांच्याशी माझं जमत नाही. 2023 च्या उपांत्य सामन्यात त्यांच्याच कांतिरवावर पेनल्टीवर 8-9 ने गेलेलो आपण, ते अजून सलतं.

आमच्याकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा घड कापायला येण्याच्या कितीतरी आधी शेतकरी बुंध्याशी फुटलेल्या पिलांपैकी कोणतं ठेवायचं ते ठरवून टाकतो. बाकीची छाटतो, एक ठेवतो, त्याला पाणी देतो. घड गेला, खोड कापलं, तरी पीलबाग उभी असते. आपल्या क्लबमध्ये घड जातो आणि मग बाजारात रोपं शोधायला निघतात.

अपुइया जाणार, हे तो जायच्या दोन वर्षं आधी गृहीत धरून त्याच्या मागे कोणीतरी उभा करायला हवा होता. तो कोण, कुठून येणार? इथे माझं दुसरं म्हणणं येतं. दुसरं म्हणजे वेगळं नाही, त्याच दोरीचं टोक.

छांगटे मिझोरामचा, अपुइया मिझोरामचा. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती. एकट्या जळगाव जिल्ह्याची 42 लाखांवर. मिझोरामच्या रक्तात फुटबॉल आहे असं म्हणून लोक विषय संपवतात. पण तिथे 2012 मध्ये राज्याची स्वतःची लीग सुरू झाली, स्थानिक केबलवर सामने घरोघरी दिसले, गावोगावच्या पोरांना दर आठवड्याला खेळायला स्पर्धा मिळाली. पाच वर्षांत आयझॉल एफसीने मोहन बागानला मागे टाकून आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकली. हे सगळं माणसांनी ठरवून केलेलं आहे.

महाराष्ट्रात मुलं नाहीत असं नाही. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने 2017 मध्ये देशासाठी सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. राहुल भेके मुंबईचा. एप्रिल 2022 मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्ध त्याच्या हेडरने एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय मिळाला, 2-1. मराठी आडनावाचा सेंटर-बॅक आशियातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत गोल मारतो, हे मी इथल्या पोरांना कितीदा सांगितलं असेल. आणि दोन वर्षांनी तो बेंगळुरूला गेल्याचंही मलाच सांगावं लागलं.

आता खान्देशाचं सांगतो. आमच्याकडे फुटबॉल आहे तो रेल्वेमुळे आणि काही शाळांमुळे. इथल्या मैदानावर हिवाळ्यात सकाळी सहाला या. काळी माती, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात बोटभर रुंद भेगा, म्हणून खेळायचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पोरं पाईपचे गोलपोस्ट स्वतः रोवतात. त्यांच्यात एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे, नाव लिहीत नाही. उंचीने कमी, पण चेंडू पायात यायच्या आधी दोनदा मागे वळून बघतो. कोणी शिकवलेलं नाही. चेंडू आला की पहिल्याच स्पर्शात तो मोकळ्या बाजूला वळलेला असतो. अशा जमिनीवर जिथे चेंडू कुठेही उसळतो, तिथे हे करणं किती कठीण आहे ते फुटबॉल कळणाऱ्याला सांगायला नको. मी म्हणत नाही की हा अपुइया होईल. मी म्हणतो की त्याला कोणी बघितलेलंच नाही. त्याचा बाप केळीच्या ट्रकवर हमाली करतो. निवड चाचणीसाठी मुंबईला दोन दिवस राहायचं म्हणजे त्याची मजुरी बुडते, राहायची सोय नाही, आणि चाचणी आहे हे कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.

14 डिसेंबर 2025 ला मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा राज्य सरकारने तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी 'प्रोजेक्ट महादेवा' जाहीरपणे पुढे आणला. चांगली गोष्ट आहे, मी तिचं स्वागत करतो. पण सरकारी योजना निवड करून देईल, शिष्यवृत्ती देईल. त्या मुलाला अठराव्या वर्षी ज्या संघात खेळायचं तो संघ शेवटी क्लबचाच असतो. आणि राज्यात तो क्लब एकच आहे.

पैशाची अडचण मला कळते. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला हक्कांचा पंधरा वर्षांचा करार संपत आला आणि त्या वादात 2025 चा अख्खा उत्तरार्ध वाया गेला. खेळाडूंना पगार द्यायचे कुठून, इथपर्यंत क्लबांची वेळ आली. मोठा भागीदार गेल्यावर तर हात आणखी आखडेल. पण हात आखडला की माणूस आधी काय विकायचं नाही ते ठरवतो. परदेशी स्ट्रायकर आणि पुढच्या फळीतली चमकदार नावं कमी करा, आम्ही कुरकुर करणार नाही. एखादा मोसम पाचवे-सहावे आलो तरी चालेल. पण जे भारतीय मधल्या फळीत आणि बचावात पाय रोवतायत, त्यांचे करार शेवटच्या वर्षात जाऊ देऊ नका. दीड वर्ष उरलेलं असतानाच बोलणी करा. आणि जायचाच असेल कोणी, तर फुकट जाऊ देऊ नका. मिळालेले पैसे मुलांवर लावा, आणि कुठे लावले ते समर्थकांना सांगा.

त्यासोबत महाराष्ट्राच्या पाच-सहा ठिकाणी वर्षातून एकदा तुमचा माणूस पाठवा. जळगाव किंवा भुसावळ त्यात असावं अशी माझी इच्छा, पण धुळे निवडलंत तरी आम्ही पोरांना घेऊन येऊ. मोसमाआधीचा एक सराव सामना मुंबईबाहेर खेळवा. अंधेरीचे सामने साडेसातला सुरू होतात, संपेपर्यंत विदर्भ आणि अमरावती एक्सप्रेस निघून गेलेल्या असतात, मध्यरात्रीनंतरच्या महानगरीची वाट बघत बसावं लागतं. मोठी माणसं हे करतात, आम्ही करतो. शाळकरी पोरांना घेऊन ते जमत नाही. छांगटेला त्यांनी एकदा प्रत्यक्ष धावताना बघावं, एवढ्यासाठी तरी या.

इथल्या स्पर्धा डिसेंबरात असतात. मैदान स्टेशनपासून चालत जाता येईल एवढं जवळ आहे. तुमच्या माणसाच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था आम्ही करू, त्याचा भार क्लबवर पडू देणार नाही. फक्त तारीख महिनाभर आधी कळवा, म्हणजे रावेर, यावल, चोपड्याच्या मुलांनाही वेळेवर निरोप जाईल.

आपला,
मुंबई सिटीचा एक समर्थक
भुसावळ, जि. जळगाव